शाल नको, सॉकेट द्या

माझ्या कपाटात अकरा शाली आहेत. नारळ आईनं वड्या करून संपवले, शाली तशाच पडून आहेत. यातली एकही शाल मी काही जिंकलो म्हणून मिळालेली नाही. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही आणि तरी मी पळतो, एवढ्यावर मिळाल्यात. माझी १०० मीटरची वेळ १५.४ सेकंद आहे. माझ्याच गटातले जगातले चांगले धावपटू हे अंतर अकरा सेकंदांच्या आत कापतात. म्हणजे मी फारच सामान्य धावपटू आहे, आणि हे मी लाजून सांगत नाहीये. उलट सामान्य धावपटू असण्याचा हक्क मला हवाय. पण आपल्याकडे पाय नसलेल्या माणसाला दोनच जागा आहेत. एक 'बिचारा' आणि दुसरी 'प्रेरणास्थान'. मधली जागा, जिथे तुम्ही सगळे आरामात राहता, ती आमच्यासाठी रिकामीच नाही.

हे लिहायला कारण झाला एक सत्कार. नाशिकमधला, मागच्या वर्षीचा. कुणाचा, कुठला, ते महत्त्वाचं नाही. सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना सांगितलं, "इच्छाशक्ती असेल तर पाय लागत नाहीत." सभागृहात टाळ्या पडल्या. मी स्टेजवर बसून मनात हिशेब करत होतो. त्या दिवशी माझ्या सॉकेटला तडा गेलेला होता. नवीन सॉकेटसाठी मी तीन महिने पैसे बाजूला टाकत होतो. इच्छाशक्ती भरपूर होती. पाय मात्र लागत होता.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण जिद्दीचं जे कौतुक करतो, ते पुष्कळदा आपली जबाबदारी टाळण्यासाठी असतं. खेळाडू जिद्दीनं जिंकला असं एकदा ठरवलं, की मैदान, साधन, प्रशिक्षक, स्पर्धा यांतलं काहीच आपण द्यायला नको. जिंकला तर जिद्द होती. हरला किंवा आलाच नाही, तर जिद्द नव्हती. दोन्हीकडून आपण सुटलो.

दिलीप गावितची गोष्ट आपण कशी सांगतो

नाशिककरांना हे नाव माहीत असायला हवं. दिलीप महादू गावित, सुरगाणा तालुक्यातला आदिवासी पाड्यावरचा मुलगा. लहानपणी झाडावरून पडला आणि उजवा हात गमावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्यानं टी-४७ गटाची ४०० मीटर शर्यत ४९.४८ सेकंदांत जिंकली. त्याच्या सुवर्णानं भारताच्या पदकांची शंभरी भरली. शेवटी आकडा १११ वर थांबला. पुढच्या वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तो ४०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि आठवा आला, वेळ ४९.९९. त्या शर्यतीत मोरोक्कोच्या आयमान एल हद्दावीनं ४६.६५ सेकंदांत सुवर्ण घेतलं.

आपल्याकडे ही गोष्ट 'एका हाताच्या जोरावर' अशा थाटात सांगितली जाते. पण ४०० मीटर कुणी हाताच्या जोरावर पळत नाही. ती पळायला लागतं ते वर्षानुवर्षांचं रोजचं प्रशिक्षण, पोटभर अन्न, राहायला खोली, आणि घड्याळ घेऊन ट्रॅकच्या कडेला उभा राहणारा माणूस. गावितच्या बाबतीत तो माणूस म्हणजे नाशिकचे प्रशिक्षक वैजनाथ काळे. सुरगाण्याच्या डोंगरातली मुलं पळतात हे आपल्याला नवीन नाही. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. तिच्याही मागे नाशिकमध्ये प्रशिक्षक होते. डोंगरातली चपळाई जागोजागी आहे, प्रशिक्षक मात्र जागोजागी नाहीत. त्यामुळे पदकं एक-दोघांनाच मिळतात आणि आपण त्याला चमत्कार म्हणतो.

अंतिम फेरीतला आठवा म्हणजे जगातला आठवा. पण परत आल्यावर 'पदक हुकलं' एवढीच बातमी उरते. ४९.९९ आणि ४६.६५ मधले ते तीन-सव्वातीन सेकंद कुठून येतात, त्यासाठी काय लागतं, याची चर्चा करायला कुणी बसत नाही. ती चर्चा खर्चिक आहे. शाल स्वस्त पडते.

हात नसणं आणि पाय नसणं

आता जरा अवघड गोष्ट बोलतो. गावितला कमी लेखण्याचा हेतू नाही, तो माझा हिरो आहे. पण भारताच्या पॅरा ॲथलेटिक्समधली अवयव गमावलेली मोठी नावं आठवून बघा. देवेंद्र झाझरिया, अथेन्स २००४ आणि रिओ २०१६ चा भालाफेकीतला सुवर्णविजेता, डावा हात नाही. निषाद कुमार, टोकियो आणि पॅरिसमध्ये उंच उडीचं रौप्य, उजवा हात नाही. दिलीप गावित, उजवा हात नाही.

हात नसण्याचे तोटे धावताना असतातच. हातांची लय पायांना तोलते. एक हात नसेल तर धड वळतं आणि ते वळणं रोखायला पोटाचे, पाठीचे स्नायू जास्त खपतात. सुरुवातीच्या ब्लॉकवर बसताना दोन्ही खांदे एका पातळीत यावेत म्हणून नियमानुसार स्टंपखाली पॅड ठेवता येतो. हे सगळं खरं. पण एक गोष्ट उरतेच. टी-४७ च्या धावपटूला ट्रॅकवर उतरण्यासाठी कृत्रिम हात घ्यावाच लागत नाही. स्पाइक्स घाल आणि पळ.

माझा गट टी-६४. एका पायाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून धावणाऱ्यांचा. इथे पाय लावूनच धावावं लागतं, लंगडी घालत पोहोचलं तर चालत नाही. म्हणजे शर्यतीला उभं राहण्याआधीच एक वस्तू हवी, आणि तिची किंमत लाखांत आहे.

आता हे बघा. पॅरिसच्या आधी भारताला पॅरालिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतीत एकही पदक नव्हतं. पॅरिसमध्ये चार आली. प्रीती पालची दोन, सिमरनचं एक, दीप्ती जीवनजीचं एक. चारही कांस्य, चारही मुलींची, आणि मनापासून अभिमान वाटावा अशी. पण त्यातलं एकही ब्लेडवरचं नाही. भालाफेकीत सुमित अंतिल आहे, गुडघ्याखाली पाय नसताना त्यानं पॅरिसमध्ये ७०.५९ मीटर भाला फेकून दुसरं सुवर्ण घेतलं. पण धावण्यात नाही. रस्ते अपघातांच्या या देशात पाय गमावलेली तरुण मुलं कमी आहेत का? आमच्या मुंबई-आग्रा महामार्गावर एक रात्र उभं राहा, उत्तर मिळेल. मी स्वतः तिथूनच आलोय. २०१७, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, पावसाळा, मागून ट्रक.

मुलं आहेत, जिद्दही आहे. ज्या अपंगत्वात समाजाला खिशात हात घालावा लागत नाही, तिथे आपले धावपटू तयार झाले. जिथे घालावा लागतो, तिथे झाले नाहीत. मला तरी याचा दुसरा अर्थ लावता येत नाही.

ब्लेड म्हणजे नक्की काय

'मग जयपूर फूट आहे ना?' हे मला लिफ्टमध्ये भेटणारे लोकसुद्धा विचारतात. जयपूर फूट ही थोर गोष्ट आहे. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी ती घडवली. अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, शेतात चिखल तुडवणाऱ्या माणसाचा विचार करून घडवली. तिनं लाखो लोकांना उभं केलं. सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचल्या. माझा पहिला पाय शिबिरातून मिळालेला होता आणि त्याच्यावर मी कॉलेज पूर्ण केलं. पण तो चालण्याचा पाय आहे. त्याच्यावर पूर्ण वेगानं पळणं म्हणजे गमबूट घालून पळणं.

धावण्याचं ब्लेड वेगळं. कार्बन फायबरची वाकवलेली पट्टी. अमेरिकेच्या व्हॅन फिलिप्सनं स्वतःचा पाय गेल्यावर हा विचार सुरू केला आणि १९८० च्या दशकात असा पाय बाजारात आणला. पाय जमिनीवर पडला की पट्टी दबते आणि उचलताना त्या दाबातली बरीचशी ऊर्जा परत देते. तिला टाच नसते, त्यामुळे ब्लेडवर स्थिर उभं राहणंसुद्धा कठीण. शर्यतीआधी आम्ही जागच्या जागी नाचत असतो ते उत्साहानं नव्हे, तोल सांभाळायला.

आणि ब्लेडपेक्षा मोठं दुखणं म्हणजे सॉकेट. तुमचा स्टंप जिथे बसतो ती वाटी. ती फक्त तुमच्या मापाची असते. वजन दोन-तीन किलो इकडेतिकडे झालं तरी सैल होते किंवा घट्ट होते. एप्रिलमध्ये नाशिकला सकाळी साडेआठलाच लायनरमध्ये घामाचं पाणी साचतं. मग कातडी घासते, फोड येतो, फोड फुटतो आणि पुढचे दहा दिवस तुम्ही घरात कुबड्यांवर. माझी सगळी 'ट्रेनिंग डायरी' अशा दहा-दहा दिवसांच्या भोकांनी भरलेली आहे. मला ब्लेड मिळालं तेही दुसऱ्या शहरातल्या एका धावपटूचं जुनं, अर्ध्या किमतीत. त्याच्या वजनासाठी निवडलेलं. मी त्याच्यापेक्षा आठ किलोनं हलका, त्यामुळे ते माझ्याखाली पुरेसं दबतच नाही. विमा कंपनीनं अर्ज परत पाठवला. कारण एका ओळीत होतं, खेळाचं साधन ही वैद्यकीय गरज नाही.

मी आयटीत आहे, पगार बरा आहे, तरी माझी ही स्थिती. सुरगाणा, पेठ, कळवणमधल्या पाय गेलेल्या मुलाचं काय होत असेल?

'पण ब्लेडचा फायदा होतो ना?'

हा प्रश्न ऑफिसात हमखास येतो. विचारणाऱ्यानं कुठेतरी ऑस्कर पिस्टोरियसचं नाव ऐकलेलं असतं. तर थोडक्यात. २००८ च्या सुरुवातीला जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं पिस्टोरियसला ब्लेडचा गैरफायदा मिळतो म्हणून बंदी घातली. मे महिन्यात क्रीडा लवादानं ती उठवली, कारण एकूण फायदा होतो हे सिद्ध झालेलं नव्हतं. २०१२ मध्ये तो लंडन ऑलिम्पिकच्या ४०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत धावला. पुढे २०२० मध्ये ब्लेक लीपरच्या प्रकरणात लवादानं लीपरच्या ब्लेडची उंची अमान्य केली, पण 'फायदा होत नाही हे खेळाडूनंच सिद्ध करावं' हा नियमही मोडीत काढला. जर्मनीचा मार्कुस रेम एक पाय नसताना ८.७२ मीटर लांब उडी मारतो. टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण ८.४१ वर गेलं होतं. त्यामुळे वाद खरा आहे आणि तो सोपा नाही, हे मी मान्य करतो.

पण त्या वादातले निवाडे दोन्ही पाय नसलेल्यांचे आहेत, जिथे ब्लेडची उंची ठरवावी लागते. माझ्यासारख्याला एक पाय हाडामांसाचा आहे, ब्लेडला त्याच्याशी जुळवून घ्यावंच लागतं. सुरुवातीला ब्लेड स्वतः ढकलत नाही, त्याला पोटरी नाही. वळणावर तर वेगळीच गंमत. ट्रॅक नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनं धावायचा असतो, म्हणजे डावा पाय आतल्या बाजूला. कृत्रिम पाय आतल्या बाजूला आला की धावपटूचा वेग कमी होतो, हे संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. माझा गेलेला पाय डावा आहे. उजवा असता तर २०० मीटरमध्ये मी थोडा जोरात असतो. यालाही कुणी जिद्द म्हणणार का?

आणि मुख्य म्हणजे, रेमचा प्रश्न जर्मनीला पडतो कारण तिथे रेम तयार होतो. आपल्याकडे ज्या मुलाला ब्लेड कधी दिसलंच नाही, त्याच्या 'गैरफायद्या'ची चिंता करणं म्हणजे बाजारात तुरी असा प्रकार आहे.

'आधी चालायचा पाय तरी सगळ्यांना मिळू दे'

हा आक्षेप मात्र मला झोपू देत नाही, कारण तो प्रामाणिक असतो. ज्या देशात साधा पाय मिळवायला शिबिराची वाट बघावी लागते, तिथे लाखांचं ब्लेड मागणं ही चैन नाही का?

मी यावर दोन गोष्टी म्हणेन. पहिली, हा तर्क आपण दोन पायांच्या मुलांना लावत नाही. प्रत्येक मुलाला बूट मिळेपर्यंत सिंथेटिक ट्रॅक बांधायचा नाही, असं कुणी म्हणत नाही. दुसरी, पैसे नाहीत हे खरं नाही. पॅरिसहून परतलेल्या खेळाडूंना केंद्रानं सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख, कांस्याला ३० लाख जाहीर केले. योग्यच केलं, त्यांनी ते कमावलेत. पण कांस्याच्या एका बक्षिसात काही ब्लेडं येतात. पैसा आहे, तो पदकानंतर येतो. ब्लेड पदकाच्या कितीतरी वर्षं आधी लागतं. परीक्षेत पहिला आलास की पुस्तकं घेऊन देऊ, असं हे धोरण आहे.

कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३० व्या कलमात सरकारनं दिव्यांगांचा खेळांत सहभाग होईल अशी व्यवस्था करावी असं लिहिलंय. सहभाग, पदक नव्हे. तो शब्द कायदा करणाऱ्यांनी बरोबर निवडला होता. आपणच तो वाचत नाही.

आणि नंतरचं कौतुक तरी वेळेवर येतं का? सांगलीच्या मातीतले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सैनिक, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सिनेमा आला २०२४ मध्ये. महाराष्ट्रानं आपल्या सुवर्णविजेत्याची ओळख मोठ्या पडद्यावर करून घेतली.

शर्यत जी झाली आणि झाली नाही

दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या स्पर्धेत १०० मीटरला नाव दिलं. आमच्या गटात तिघेच आलो. तिघांसाठी वेगळी शर्यत नको म्हणून आम्हाला हात नसलेल्या धावपटूंबरोबर उभं केलं. अर्थातच आम्ही तिघे शेवटचे तीन. मग कळलं की संख्या कमी असल्यानं आमच्या गटाला क्रमांकच नाही. एक मुलगा जळगाव जिल्ह्यातून रात्रभर एसटीनं आला होता, चालण्याच्याच पायावर पळाला होता. त्यानं मला विचारलं, "दादा, मग आपण पळालो का नाही?"

तुम्ही म्हणाल, तिघेच आले तर आयोजक काय करणार? बरोबर. पण तिघेच का आले, ते मी वर लिहिलंय. मुलं येत नाहीत म्हणून शर्यत नाही, शर्यत नाही म्हणून साधन नाही, साधन नाही म्हणून मुलं येत नाहीत. मी रोज कोडमध्ये असल्या गोल फिरणाऱ्या चुका शोधतो. तिथे एक नियम असतो, साखळी कुठूनतरी तोडायची, जिथून सगळ्यात सोपं आहे तिथून.

माझ्या मते ती साधनापासून तोडावी. प्रत्येक महसूल विभागात, आपल्यासाठी नाशिकमध्ये, दहा-पंधरा ब्लेडांची पेढी असावी. वेगवेगळ्या वजनाची, उंचीची. ग्रंथालयासारखी, सहा महिने न्यायची, परत आणायची. सॉकेट मात्र ज्याचं त्याचं, सरकारी खर्चानं, आणि वाढत्या मुलांना माप बदलेल तसं नवीन. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजीअलीला पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. म्हणजे हे काम येणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. त्यांच्याकडून प्रत्येक विभागात दोन तंत्रज्ञ तयार होणं हे काही मंगळयान नाही. दुसरं, जिल्हा स्पर्धेत गट पाहून वेळेवर क्रमांक द्या, एकटा पळाला तरी त्याची वेळ अधिकृत नोंदवा. वेळ नोंदवली की पुढच्या वर्षी त्याच्याशीच त्याची शर्यत लागते. तिसरं, शाळेत पीटीच्या तासाला पाय नसलेल्या मुलाला 'तू बस, तुला सूट' म्हणणं बंद करा. ती सूट दयाळू वाटते, पण मुलगा पहिल्यांदा मैदानाबाहेर होतो तो तिथेच.

यात प्रेरणा कुठेच नाही. खरेदी, मापं, नोंदवही आणि वेळापत्रक आहे. म्हणूनच कुणाला यावर भाषण करावंसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात सॉकेट घासून घ्यायला गेलो होतो. बाकावर दिंडोरीकडची एक मुलगी बसली होती, दहा-अकरा वर्षांची, आईबरोबर. ट्रॅक्टरखाली पाय गेलेला. पहिलाच पाय बसवायला आली होती. माझं ब्लेड पिशवीतून बाहेर डोकावत होतं, ती टक लावून बघत होती. मग तिनं माप घेणाऱ्या काकांना विचारलं, "माझ्या पायानं पळता येईल?"

काका चांगला माणूस आहे. म्हणाला, "चालता येईल बाळा, छान चालशील."

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिच्या आईनं माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "तुमच्याकडं पाहून धीर येतो हो."

मला काही बोलता आलं नाही. माझ्या कपाटात अकरा शाली होत्या, आणि त्या मुलीच्या मापाचं ब्लेड सगळ्या नाशिकमध्ये एकही नव्हतं.